११२ बीपीएमचा डीप टेक्नो रिमिक्स १२६ च्या सेटमध्ये बसवायचा आहे (लॉनवरचं रिसेप्शन, डबल अठराचा सेटअप)

संत्रा_१२८, आर्वी

नमस्कार मंडळी. काम रिसेप्शनचं आहे, लॉन गावाबाहेर, उघड्यावर. नवरदेवाच्या मित्रांची फर्माईश अशी की जेवणाच्या वेळात, म्हणजे सव्वाआठ ते साडेनऊ, नेहमीचा दणदणाट नको. संथ, खोल टेक्नो पाहिजे. त्यांनी दिलेला एक रिमिक्स मधोमध वाजलाच पाहिजे.

रिमिक्स असा आहे: ११२ बीपीएम (मिनिटाला ठोके), सी मायनर म्हणजे डीजेंच्या सूरचक्रात ५ए, सात मिनिटं वीस सेकंद, वेव्ह फाइल. पहिले ३२ बार (चार ठोक्यांचा एक बार) किक, म्हणजे मुख्य जाड ठोका, नाहीच. खाली ड्रोन (तंबोऱ्यासारखा अखंड सूर), वर लांबवलेले कॉर्ड आणि एका बाईचा आलाप. ३३ व्या बारला किक, ४९ व्या बारला बेस, १२९ ते १४४ ब्रेकडाउन, १७७ पासून एकेक गोष्ट कमी होत संपतो. त्याआधीचा सेट १२६ च्या आसपास, हाऊस आणि हिंदी रिमिक्स.

सामान: डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर, रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअर, लॅपटॉप. दोन्ही बाजूंना दोन-दोन डबल अठरा बेस (एका पेटीत अठरा इंची दोन स्पीकर), वर टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), प्रोसेसर आहे, सगळं जनरेटरवर.

अडचणी तीन. सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की रिमिक्स १२६ ला पळतो आणि त्याची सगळी खोली जाते. उलट, १२६ चं गाणं पिचवर (वेगाच्या स्लायडरवर) ओढून ११२ ला आणलं तर ते गाणं रडतं. आणि गोडाऊनमध्ये लावून पाहिलं तेव्हा रिमिक्सचा बेस सुरू झाला की टॉप दबतात अन् लाइट फडफडते. नुसता कट मारून काम भागवायचं नाही. कसं करावं?

ग्रीडवाला

आधी अंतर मोजा. १२६ वरून ११२ म्हणजे उणे ११.१ टक्के. एवढं अंतर एकाच मिक्समध्ये पिचवर ओढलं तर काहीतरी फाटणारच. मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू असेल तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते लांबवतं. चार-पाच टक्क्यांपर्यंत हे झाकलं जातं; दहाच्या पुढे किकची धार बोथट होते आणि हायहॅट दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. मास्टर टेम्पो बंद केला तर धार शाबूत राहते, पण सूर दोन अर्धस्वरांनी खाली उतरतो. गाणं रडतं म्हणता ते यातलंच एक काहीतरी आहे.

म्हणून उतार आधीपासून बांधा. रिमिक्सच्या आधीची अर्ध्या तासाची गाणी निवडतानाच त्यांचा मूळ वेग उतरत्या क्रमाने घ्या: १२६, मग १२३ चं, मग १२० चं, मग ११७ चं. प्रत्येक गाणं आपल्या मूळ वेगाच्या तीन टक्क्यांच्या आत वाजतं, त्यामुळे कुठेच ओढाताण नाही. वेग कमी करायचा तो मिक्स पूर्ण झाल्यावर, एकच गाणं वाजत असताना, सोळा बारला साधारण एक बीपीएम. गायन चालू असेल तर थांबा. आवाज नसलेल्या भागात स्लायडर हलवा. पिचची रेंज ±६ वर ठेवा. ±१६ वर बोट जरा सरकलं तरी बीपीएम उडी मारतो, एफएलएक्स४ चा स्लायडर तसाही आखूड आहे.

भेटीचा वेग ११५ ठरवा. ११७ चं गाणं तिथे येताना उणे १.७ टक्के, रिमिक्स अधिक २.७ टक्के. दोघांनाही ते कळत नाही. ब्रेकडाउनमध्ये किक नसते, तेव्हा त्या सोळा बारांत ११५ वरून ११२ वर सोडा. या वेळी मास्टर टेम्पो चालूच हवा, नाहीतर आलाप जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने घसरताना सगळ्यांना ऐकू जाईल.

आता बेसची अदलाबदल, कारण खरी गडबड तिथेच होते. रिमिक्सचा लो (बेसचा नॉब) पूर्ण डावीकडे ठेवून फेडर (आवाजाची पट्टी) वर न्या. पहिले ३२ बार ड्रोन आणि आलाप जुन्या गाण्याच्या ठोक्यावर तरंगू द्या. जुन्या गाण्याचा हा भाग गायन नसलेलाच हवा, दोन आवाज एकमेकांवर आले की सगळं मुसळ केरात. ३३ व्या बारला रिमिक्सची किक येते, पण लो बंद असल्यामुळे तिचा फक्त टक्क आवाज ऐकू येईल. तो जुन्या किकच्या टक्कवर नेमका बसतोय का, हेडफोनमध्ये तपासायला तुमच्याकडे सोळा बार आहेत; ११५ ला ते ३३ सेकंद होतात. ४५ व्या बारपासून जुन्याचा हाय हळूहळू उतरवा. ४९ व्या बारच्या पहिल्या ठोक्यावर एकाच हालचालीत जुन्याचा लो शून्य, रिमिक्सचा लो मध्यावर. अर्धा याचा, अर्धा त्याचा बेस असा प्रकार ठेवूच नका.

कारण असं. किकचा मूळ आवाज पन्नास हर्ट्झच्या आसपास धरला तर त्याची एक लाट २० मिलिसेकंदांची. दोन किक नेमक्या एकावर एक पडल्या तर ६ डीबी वाढतात, मिक्सर लाल होतो. त्याच १० मिलिसेकंदांनी मागेपुढे झाल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेस गायब. दहा मिलिसेकंद कानाला वेगळे ऐकूही येत नाहीत. मग लोक बेस वाढवत बसतात.

सेटिंगमध्ये इक्यूऐवजी आयसोलेटर निवडून ठेवा. इक्यूत लो पूर्ण खाली केला तरी थोडा बेस मागे राहतो.

डफडं_९०९

ग्रीडवाल्याचा रस्ता बरोबर आहे, पण लग्नात अर्धा तास आधीपासून उतार बांधायला मिळतोच असं नाही. मधेच कुणीतरी फर्माईश घेऊन येतं आणि १२८ चं गाणं लावावं लागतं, मग तुमची शिडी मोडली. अशा वेळी थेट उडी मारता येते, आणि या दोन आकड्यांचं नशीब चांगलं आहे.

१२६ आणि ११२ चं प्रमाण नेमकं ९ ला ८ आहे. १२६ ला एक बीट ४७६ मिलिसेकंदांची, तिची पाऊण म्हणजे ३५७. ११२ ला एक बीट ५३६ ची, तिचे दोन तृतीयांश म्हणजे पुन्हा ३५७. म्हणजे १२६ च्या गाण्यावर ३/४ बीटचा इको लावला तर त्याचे प्रतिध्वनी ११२ च्या तालात दोन बीटला तीन असे बसतात. तीन प्रतिध्वनींत ११२ च्या दोन बीट, सहांत अख्खा एक बार.

करायचं असं: जुन्या गाण्याच्या सोळा बारांच्या शेवटी, शेवटच्या टाळीच्या दोन-चार बार आधी लो बंद. टाळीवर इको चालू, बीट ३/४, पातळी एवढी की सात-आठ प्रतिध्वनी तरी ऐकू यावेत. लगेच फेडर खाली. टाळी म्हणजे शून्य. त्यानंतर सहा मोजा आणि सहाव्यावर रिमिक्स किकच्या क्यूपासून (आधी लावलेल्या खुणेपासून) सोडा, ११२ वरच. कानाला वाटतं की ताल मोडला नाही, वळला. इकोची शेपूट फेडर बंद केल्यावरही वाजत राहिली पाहिजे. तुमच्या सेटिंगमध्ये ती राहते का हे आधी घरी पाहा, नाहीतर भर लॉनवर शांतता.

किकवर न उतरता सुरुवातीच्या ड्रोनवर उतरत असाल तर एवढं गणित लागतच नाही. ड्रोनला ताल नसतो, कुठेही सोडा. पण मग किक यायला जवळपास ६९ सेकंद लागतात, हे विसरू नका. जेवणाच्या वेळी चालेल, नाचणारे समोर असतील तर ते पांगतील.

सुराचीही सोय होते. मास्टर टेम्पो बंद ठेवून १२६ चं गाणं ११२ ला आणलं की सूर बरोबर दोन अर्धस्वर उतरतो. म्हणजे ७ए, डी मायनरचं गाणं ५ए ला येतं आणि रिमिक्सला चिकटतं. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी दोनवरून पांढरी एक. गायनाच्या गाण्यावर हे करू नका. बाईचा आवाज बुवासारखा होतो. नुसत्या वाजवलेल्या ट्रॅकवर झकास बसतं.

संत्रा_१२८

दोघांचेही आभार. इकोचा प्रकार करून पाहिला. जमतो, पण रिमिक्स सुरू झाला की इकोची शेपूट मधेच लचकते, सूर हलल्यासारखा वाटतो. आणि दुसरं, रेकॉर्डबॉक्स या रिमिक्सचा बीपीएम १४९.३३ दाखवतंय. मग मी ११२ समजतोय ते चूक का?

ग्रीडवाला

चूक नाही. १४९.३३ म्हणजे ११२ च्या चार तृतीयांश. डीप ट्रॅकमध्ये कॉर्डवर पाऊण बीटचा डिले असतो, सुरुवातीला किक नसते, त्यामुळे मोजणी करणारा भाग डिलेलाच ठोका समजतो. कधी ७४.६७ पण दाखवेल, तेही त्याच घराण्यातलं.

हाताने दुरुस्त करा. ३३ व्या बारची पहिली किक वेव्हफॉर्ममध्ये मोठी करून तिच्या अगदी सुरुवातीला ग्रीडची (ठोक्यांच्या रेघांची) पहिली खूण ठेवा. बीपीएममध्ये ११२.०० लिहा. मग थेट सहाव्या मिनिटाच्या पुढच्या एखाद्या किकवर जा. रेघ किकच्या तोंडाशीच असेल तर काम झालं. ०.०१ बीपीएमचा फरकसुद्धा सात मिनिटांत ३७ मिलिसेकंदांचा होतो, आणि वर दहा मिलिसेकंदांचं काय होतं ते लिहिलंच आहे. आलापाकडे पाहून ग्रीड हलवू नका. आलाप ठोक्याच्या मागेपुढे असणारच, तो तसाच छान लागतो.

क्यू चार पुरेत: ड्रोनची सुरुवात, ३३ ची किक, ब्रेकडाउन, आणि १७७. रंग वेगवेगळे द्या, मांडवातल्या लाइटमध्ये अक्षरं वाचता येत नाहीत.

शेपूट लचकते कारण इकोचा वेळ मास्टर डेकच्या (ज्याचा वेग बाकीचे धरतात त्या डेकच्या) बीपीएमवरून ठरतो. रिमिक्सने मास्टर पकडला की ३५७ चे ४०२ होतात आणि डिले तेवढा ताणला जातो. सिंक दोन्ही डेकवर बंद करा, मास्टर जुन्या डेकवरच राहू द्या, शेपूट विझल्यावर बदला. किंवा इफेक्टचा बीपीएम आपोआप न घेता हाताने १२६ वर टॅप करून ठेवा.

डबलअठरा, हिंगणघाट

बाकी सगळं बराबर हाय भाऊ, पण तुमचा खरा लोचा मिक्सिंगमध्ये नाही, बेसच्या पेटीत हाय. टॉप दबते, लाइट फडफडते म्हणता, तं ते नीट समजून घ्या.

रिमिक्स सी मायनरचा. म्हणजे बेसची मूळ नोट एक तं ६५.४ हर्ट्झ, नाही तं ३२.७. आपल्याकडचे बहुतेक डबल अठरा रिफ्लेक्स पेटीचे, म्हणजे हवेचं भोक (पोर्ट) असलेले, पोर्टचं ट्यूनिंग पस्तीस-चाळीसच्या आसपास. त्याच्या खालचा आवाज आला का कोनवर हवेचा दाबच राहत नाही. कोन हातभर हलते, ऐकू काहीच येत नाही, अन् कॉइल तापते. डीजेवाला म्हणते बेस कमी हाय, अन् अजून चढवते. मंग वास येते.

पह्यले कोणती नोट हाय ते पाहा. ऑडासिटीत रिमिक्सचा ४९ ते ६५ बारचा तुकडा निवडा, प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइज १६३८४ ठेवा. डाव्या हाताचा सगळ्यात उंच डोंगर ३३ वर हाय का ६५ वर, ते लगेच दिसते. किकचा डोंगर पन्नासच्या आसपास वेगळा दिसंल, तो सोडून द्या.

६५ वर असला तं काळजी नाही. ३३ वर असला तं दोन कामं करा. प्रोसेसरमध्ये बेसला हायपास (खालचा आवाज गाळणारी चाळणी) ३५ हर्ट्झ, २४ डीबी प्रति सप्तक. तो तसाही कायमचा लावून ठेवायला पायजे. अन् फाइलची एक वेगळी कॉपी करून तिच्या बेसवर हलकं सॅच्युरेशन द्या, म्हणजे ६५ अन् ९८ चे वरचे सूर तयार होते. ते दोन ऐकू आले का मेंदू खालचा ३३ आपोआप भरून घेते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर ढोलक ऐकू येते ते याच्यानंच. मूळ फाइलवर काही करू नका, कॉपीवरच.

आता लाइट फडफडायचं. हिंदी रिमिक्सची किक ठप्पकन येते अन् जाते, मधात अ‍ॅम्प्लिफायरले श्वास भेटते. टेक्नोत दोन किकच्या मधात घरंगळता बेस भरला असते. मीटरचा टोकाचा आकडा तोच दिसते, पण सरासरी वाढते. टोक अन् सरासरीतलं अंतर ३ डीबी कमी झालं का पावर दुप्पट ओढल्या जाते. जनरेटरचं व्होल्टेज बसते, अ‍ॅम्प्लिफायर आधीच क्लिप होते, लाइट लुकलुकते. म्हणून या तासाभरासाठी प्रोसेसरवरून बेसची आउटपुट २ ते ३ डीबी खाली करजा. डेकच्या इक्यूवरून नाही. तो तं तुम्हाले अदलाबदलीसाठी लागते. शार्प्या (फिरत्या झोताचे लाइट) अन् एलईडी एका फेजवर, अ‍ॅम्प्लिफायर बाकीच्या दोन फेजवर वाटून देजा. लॅपटॉप बॅटरीवर किंवा छोट्या यूपीएसवर.

अजून एक, हे कोणीच सांगत नाही. तुमच्या रिमिक्सची सुरुवात एकदम शांत हाय. चालू गाण्यात जो गूं आवाज दबून जाते, तो ह्या ड्रोनमध्ये उघडा पडते. आपली लाइन ५० हर्ट्झची, मंग गूं आवाज ५० अन् १०० वर, बेसच्याच घरात. लोकाले वाटते गाण्यातच हाय. एफएलएक्स४ ले मास्टर फक्त आरसीए हाय, बॅलन्स्ड नाही. तिथून वीस मीटर वायर ओढसाल तं गूं येणारच. कंट्रोलरच्या बाजूले डीआय बॉक्स (साध्या लाइनची बॅलन्स्ड लाइन करणारा डबा) ठेवा, तिथून पुढं एक्सएलआर वायर. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून गूं घालवणारे लय हुशार लोक हायेत. ते करू नका, ओल्या गवतावर उभं राहून काम करता तुम्ही.

गेनचं: ट्रिम (गेनचा नॉब) लावताना शांत सुरुवात ऐकून लावू नका. ती बारीक वाटते म्हणून हात चढते, अन् ३३ व्या बारले किक आली का सगळं लाल. किक अन् बेस दोन्ही चालू असलेला भाग, म्हणजे ५० व्या बारच्या पुढचा, हेडफोनमध्ये लावून जुन्या गाण्याच्या किकशी जुळवा. जुने हिंदी रिमिक्स चेपून मोठे केलेले असते, तं या रिमिक्सले बहुतेक ३-४ डीबी जास्तच द्यावं लागंल. तेवढी जागा मास्टरवर आधीच ठेवजा.

मोनो_मास्तर

एवढ्या चर्चेत एक मुद्दा सुटला. तुमच्या प्रोसेसरला जाणारी लाइन मोनो आहे का? बऱ्याच सेटअपमध्ये डावा-उजवा वाय केबलने जोडून एकच लाइन नेलेली असते. डीप टेक्नोचे कॉर्ड रुंद करण्यासाठी डाव्या-उजव्यात फेज फिरवलेली असते. मोनो केलं की तेच कॉर्ड एकमेकांना पुसतात. मग किक आणि बेस उरतो, बाकी रिमिक्स कुठे गेला ते कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मास्टर मोनो करून हेडफोनवर एकदा पूर्ण ऐका. कॉर्ड पार गायब होत असतील तर फाइलच्या कॉपीत स्टिरिओची रुंदी निम्मी करा. आणि वाय केबलने दोन आउटपुट एकत्र बांधू नका, मिक्सरमध्ये दोन चॅनेल घेऊन दोन्ही मधोमध पॅन करा.

काळी_माती

मी फक्त जागेबद्दल आणि बाहेर पडण्याबद्दल बोलतो, कारण आत शिरायला सगळे शिकतात आणि बाहेर यायला कुणी नाही.

जेवणाच्या वेळी हा रिमिक्स पूर्ण सात मिनिटं चालू द्या, काटछाट नको. टेबलाला बसलेल्याला शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागू नये एवढाच आवाज. उघड्यावर भिंती नसल्यामुळे या संगीताची अर्धी शेपूट हवेत विरते. बंद हॉलमध्ये जो घुमारा मिळतो तो इथे मिळणार नाही. आलाप कोरडा वाटला तर चॅनेलवर रिव्हर्ब द्या, पण लो बंद असेपर्यंतच, म्हणजे ४९ व्या बारपर्यंत. बेसवर रिव्हर्ब म्हणजे चिखल.

रिमिक्सनंतर परत १२६ ला चढायची घाई कशाला? हिंदी-मराठीतली कितीतरी गाणी १०० ते ११५ मध्ये आहेत. १७७ व्या बारपासून रिमिक्स रिकामा होत जातो, तिथे लो अदलाबदल करून ११० च्या आसपासचं ओळखीचं गाणं आणा. जुन्या गाण्यांना एक पथ्य: ती क्लिकशिवाय वाजवलेली असतात, वेग मधेच दोन-तीन बीपीएम हलतो. ग्रीडवर विश्वास ठेवू नका, आठ बारांत मिक्स संपवा, किंवा सुरुवातीच्या चार बारांचा लूप करून तोच धरा.

दादऱ्याच्या चालीचं किंवा डफड्याच्या ठेक्याचं गाणं लावायचं असेल तर किक जुळते आणि तरी कानाला खुपतं. रिमिक्सचा हायहॅट बीटचे चार तुकडे करतो, डफडं तीन. हाय पूर्ण बंद करा, रिमिक्सची फक्त किक आणि ड्रोन ठेवा, मग वरचं डफडं मोकळं वाजतं. कुणी जिवंत धुमाल (वाजंत्री पथक) घेऊन मांडवात उभं राहिलं तर मिक्सचा नाद सोडा. ते लोक नाचणाऱ्यांकडे बघून वेग वाढवतात, लॅपटॉपकडे बघून नाही.

१२६ ला जायचंच असेल तर सत्कार, आहेर, माईकवरच्या घोषणा यांचा उपयोग करा. तिथे संगीत तसंही थांबतं. घोषणा संपली की नवीन वेगाने नवी सुरुवात, कुणी विचारत नाही.

आणि घड्याळ. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते सण-उत्सवांसाठी, तुमच्या रिसेप्शनसाठी नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत असाल तर अजून कडक. साडेनऊला संथ भाग संपवलात तर नाचायला अर्धा तास उरतो. नवरदेवाच्या मित्रांना हा हिशोब आधीच सांगून ठेवा, नाहीतर दहा वाजता शिव्या तुम्हाला.

संत्रा_१२८

स्पेक्ट्रम पाहिला, डोंगर ३३ वरच आहे. ६५ वर बारका आहे. कॉपी करतो. मोनोमध्ये कॉर्ड अर्धे जातात, रुंदी कमी केल्यावर बरेच परत आले.

शेवटचं एक. डीजेचं टेबल बेसच्या थप्प्यांपासून साधारण बारा मीटर मागे येणार आहे. तिथून ऐकून ठोका जुळवला तर जुळलेला वाटतो, हेडफोनमध्ये मात्र मागेपुढे. कोणाचं खरं धरायचं?

ग्रीडवाला

हेडफोनचं. आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. बारा मीटर म्हणजे ३५ च्या आसपास, आपल्या उन्हाळ्यात हवा गरम असते म्हणून एखाद-दुसरा कमी. म्हणजे एका कानात चालू गाणं ३५ मिलिसेकंद उशिरा आणि दुसऱ्या कानात क्यू, म्हणजे पुढचं गाणं, वेळेवर. तुम्ही त्याला जुळवायला क्यू मागे ढकलता आणि प्रत्यक्षात चूक करून ठेवता. शिवाय थप्प्यांच्या मागे फक्त बेस पोचतो, किकचा टक्क पोचतच नाही.

एफएलएक्स४ ला वेगळं बूथ आउटपुट नाही. म्हणून डीआयनंतर मिक्सर असेल तर त्याच्या ऑक्सवरून (जादा आउटपुटवरून) एक छोटा पावर्ड स्पीकर घ्या आणि टेबलाजवळ कानाच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर ठेवा. ते शक्य नसेल तर हेडफोनचं मिक्स नॉब मध्यावर आणून मास्टर आणि क्यू दोन्ही हेडफोनमध्येच ऐका, दोन्ही कान झाकून. अदलाबदलीचे ते सोळा बार एवढं पुरतं.

डबलअठरा, हिंगणघाट

पावर्ड स्पीकर लावसाल तं त्याचा प्लग लॅपटॉप अन् मिक्सरच्याच बोर्डवर लावजा. दुसऱ्या फेजवर लावला का गूं परत आला म्हणून समजा.